आमची वाटाडेगिरी

आमच्या घराण्यात वाटाडेगिरीचा धंदा पूर्वापार चालत आलेला आहे, असे कोणी समजू नये. आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत साताऱ्याकडून बडोद्यास आले ते कारकुनीसाठी. आजोबांनी तीच लेखणी पुढे चालविली, वडील शिक्षक झाले, आणि आम्ही आज एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक आहोत. चार पिढ्यांत आमच्यापैकी कोणी कोणास वाट दाखविली असेल तर ती कचेरीची किंवा शाळेची. अपवाद एकच, आमचे थोरले बंधू. दर वर्षी पहिला पाऊस पडून गेला की दादा आपल्या कारखान्यातील चारपाच स्नेह्यांना घेऊन पावागड पायी चढत. 1986 साली गडावर उडनखटोला सुरू झाला, तरी दादा त्यात कधी बसले नाहीत. “लोंबकळत जाऊन देवीला काय तोंड दाखवायचे?” असे ते म्हणत. त्यांच्या बोटाला धरून त्यांचा मुलगा चढे. तोच मुलगा पुढे हालोलच्या एका कारखान्यात नोकरीला लागला, आणि तो कारखाना बंद पडल्यावर चाळिशीच्या उंबरठ्यावर घरी बसला. दादा तोवर गेले होते. सहा महिने दुसरी नोकरी शोधून झाल्यावर त्याने एके दिवशी आम्हांला सांगितले, “काका, मला एकच गोष्ट नीट येते. माणसांना पावागडला नेऊन परत आणता येते.”

हा वाक्यातला उत्तरार्ध त्या वेळी आमच्या लक्षात आला नाही.

अशा रीतीने 2018 साली आमच्या घरी हा उद्योग सुरू झाला. शनिवार-रविवारी पहाटे साडेपाचला दांडिया बाजारातून बावीस आसनांची एक भाड्याची गाडी निघते. पुण्यामुंबईची पाहुणे मंडळी असतात, बडोद्याचीच मराठी-गुजराती कुटुंबे असतात, क्वचित विद्यापीठातील परदेशी विद्यार्थीही असतात. पुतण्या पुढे चालतो. सूनबाई नावनोंदणी, पैसे आणि औषधांची पेटी सांभाळतात. वहिनी सत्तरीला टेकल्या असूनही दशम्या, लसणाची चटणी आणि लिंबाचे लोणचे यांचे डबे घेऊन गाडीत पहिल्या आसनावर बसतात. परतताना हालोलच्या अलीकडे कोणाला सेव-उसळीची आठवण झालीच तर वहिनींच्या डब्यात तिचीही सोय असते. आमच्याकडे इतिहास होता. मराठीत एम. ए. झालेल्या माणसाकडे लोक इतिहास का सोपवितात हे आम्हांला आजवर उमगलेले नाही, पण ते काम आम्ही आनंदाने पत्करले. मानधन म्हणजे खिडकीजवळची जागा आणि दोन दशम्या जास्त.

बडोद्याच्या वाचकांना चांपानेर नवे नाही. परंतु काळिकामातेच्या दर्शनाला वर्षातून दोनदा जाणारे कितीतरी लोक पायथ्याच्या नगरातून गाडी न थांबविता पुढे जातात, म्हणून थोडे सांगतो. बडोद्याहून पन्नास किलोमीटरांच्या आत हे एक अख्खे शहर रानात पडले आहे. पावागडच्या खीची चौहान राजावर, पताई रावळावर, महमूद बेगड्याने सुमारे वीस महिने वेढा घालून 1484 साली गड घेतला, आणि पायथ्याशी मुहम्मदाबाद नावाची राजधानी वसविली. तटबंदी, वाडे, बाजार, मशिदी, बागा, पाण्याची टाकी, सारे काही उभे राहिले. विहिरी इतक्या की हजार विहिरींचे शहर म्हणून त्याची ख्याती झाली. 1535 साली हुमायूनने ते जिंकले, आणि त्यानंतर गुजरातच्या सुलतानांचा दरबार अहमदाबादेस परत गेला. राजधानीचे आयुष्य पन्नास वर्षांचे. माणसे हळूहळू निघून गेली आणि पळस, करंज, बाभूळ आत शिरली. गडावर मात्र पुढेही वस्ती व सत्ता होती. अठराव्या शतकात तो मराठ्यांकडे आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिंद्यांकडे होता, हे सांगताना आमच्या मराठी प्रवाशांची छाती थोडी फुगते. आम्ही ती फुगू देतो. 1969 ते 1975 या काळात आपल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने डॉ. रमणलाल मेहता यांच्या देखरेखीखाली येथे उत्खनन केले, बडोद्याच्याच वास्तुतज्ज्ञांनी आणि हेरिटेज ट्रस्टने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि 2004 साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घातले.

आमची वाट ठरलेली. चांपानेरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक वाव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता विहिरीच्या भिंतीला धरून गोल गोल उतरतात. वरून पाहिले तर कोणी शंख उलटा ठेवला आहे असे वाटते. तेथून जामी मशीद. दोन उंच मिनार, मधल्या घुमटाखाली सज्जांचे मजले, आणि छतावरील दगडी कोरीवकामात कमळे. ते कारागीर हेच, आधी देवळे घडविणारे. नंतर मुख्य वाट सोडून रानातून नगिना मशीद आणि केवडा मशीद. केवडा मशिदीसमोर एक छत्री उभी आहे, तिच्या कोनाड्यांतील वेलबुट्टी पाहताना सोनाराचे काम आठवते. आणि येथे पाऊस पडून गेलेला असेल तर हिरवळीतून वर येणारे पिवळट दगड, वर ढगात डोके घातलेला पावागड, आणि त्याच डोंगरातून निघून आमच्या शहरात मगरी पोसणारी विश्वामित्री. आमच्या सौ. म्हणतात की या ठिकाणी आम्ही आल्यावर आमचा आवाज बदलतो. खरे असेल.

2019 च्या भाद्रपदात आवाज जरा जास्तच बदलला.

त्या दिवशी गाडी भरलेली होती. केवडा मशिदीच्या चौथऱ्यावर मंडळी बसली होती आणि आम्ही हुमायूनची स्वारी सांगत होतो. हा प्रसंग आमचा हुकमी. गडाच्या ज्या बाजूला कडा इतका सरळ की पहारा ठेवण्याची गरजच वाटली नाही, त्या बाजूने रात्री दगडाच्या सांध्यांत पोलादी खिळे ठोकून मोगलांची निवडक माणसे चढू लागली. अबुल फजलने अकबरनाम्यात त्यांची मोजदाद ठेवली आहे. 39 माणसे वर गेल्यावर बादशहा स्वतः खिळ्यावर पाय ठेवणार, तोच बैरामखानाने त्यास थांबविले, स्वतः आधी चढला, आणि हुमायून त्याच्यामागून चढला. चढणाऱ्यांत त्याचा क्रम एक्केचाळिसावा. “एक्केचाळिसावा!” असे म्हणून आम्ही हात वर केला, आणि मंडळींनी टाळ्या वाजविल्या.

टाळ्या थांबल्यावर एका बाईंनी विचारले, “आमचा मुलगा कुठे आहे?”

नऊ वर्षांचा मुलगा. हिरवा सदरा घातलेला, आणि सभोवार सगळे हिरवेच. आम्ही तो प्रसंग सजवून सांगणार नाही. पुतण्याने शिट्टी वाजविली, सूनबाईंनी बाकीच्यांना चौथऱ्यावरून हलू दिले नाही, वडील एका दिशेला धावले आणि आम्ही दुसऱ्या. पावसाने रानात गुडघ्याएवढे गवत वाढले होते. त्या गवतात हजार विहिरींपैकी किती उघड्या तोंडाच्या आहेत हे आम्ही स्वतःच तासापूर्वी मोठ्या रसाळपणे सांगितले होते. आम्ही धावत होतो आणि आमचेच शब्द आमच्या कानात वाजत होते.

चाळीस मिनिटांनी शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीने त्याला हाताला धरून आणले. आडवाटेला एक पडकी विहीर आहे, तिच्या काठावर पालथा पडून तो आत खडे टाकीत होता. खडा पाण्यात पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागतो ते मोजीत होता, असे त्याने आईला सांगितले. आई काही बोलली नाही. तिने मुलाच्या सदऱ्यावरील चिखल झटकला, आणि पुन्हा पुन्हा झटकीत राहिली. वडिलांनी आमच्याकडे पाहिले. ते एका कॉलेजात प्राध्यापक होते, आमच्याहून वयाने लहान. त्यांनी हात जोडून म्हटले, “सर, तुमची गोष्ट छान होती.” त्यात उपरोध असता तर बरे वाटले असते.

गाडीत वहिनी काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर डबे घासायला टाकता टाकता म्हणाल्या, “भावजी, एक्केचाळिसावा कोण होता ते तुम्हांला पाठ आहे. बाविसावा कुठे होता ते कोणी पाहत होते का?”

त्यावर उत्तर नव्हते. आम्ही दोन महिने गेलो नाही. वर्गात तीस वर्षे उभे राहिल्याने एक खोड लागते. समोरचे चेहरे आपल्याकडे वळलेले दिसले की सगळे उपस्थित आहेत असे मनुष्य धरून चालतो. जे चेहरे वळलेले नसतात ते दिसतच नाहीत. शाळेला निदान चार भिंती असतात.

पुतण्याने त्या दोन महिन्यांत पद्धत बदलली. प्रत्येक प्रवाशाला गाडीत चढतानाच अंक मिळतो. प्रत्येक मुक्कामी आणि निघताना एक, दोन, तीन असे ज्याने त्याने आपला अंक मोठ्याने म्हणायचा. बावीसपर्यंत हाळी पोचल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही. सर्वांच्या मागे घरचे एक माणूस, त्याला वहिनींनी ‘शेपूट’ असे नाव दिले आहे. शेपटाच्या पुढे कोणीही रेंगाळावे, त्याच्या मागे कोणी राहायचे नाही. पहिल्यांदा लोक हसतात. दुसऱ्या मुक्कामापासून पोरांना त्याची गोडी लागते. शेपटाचे काम आम्ही मागून घेतले. इतिहास आता पुतण्याच सांगतो. तो आमच्याइतका रंगवून सांगत नाही, आणि मध्येच थांबून अंक घेतो.

जांबुघोड्याची वाट आम्ही पुढे जोडली, ती एका राठवा गृहस्थांच्या भरवशावर. पावागडच्या पलीकडे साग, महू आणि बांबूचे हे अभयारण्य आहे, 1990 साली घोषित झालेले. बिबटे आहेत, अस्वले आहेत, चैत्रात महू फुलला की अस्वले पहाटे झाडांखाली येतात. वनखात्याची परवानगी काढून, झंड हनुमानाच्या भव्य मूर्तीपासून पुढे आम्ही ठरलेल्या वाटेने चालतो. हे गृहस्थ शाळेत गेलेले नाहीत. पहिल्या दिवशी पुतण्या अंकांची पद्धत समजावू लागला तेव्हा त्यांनी ऐकून घेतले आणि वाकून खडे वेचू लागले. माणशी एक खडा. सगळे खडे डाव्या खिशात. मुक्कामाला माणूस दिसला की एक खडा उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाला की चला. आम्ही विचारले, ही रीत कोणाची? म्हणाले, बापाची, शेळ्यांसाठी. त्यांच्या घराच्या भिंतीवर पिठोऱ्याचे घोडे रंगविलेले आहेत. ते पाहायला प्रवासी आत जातात तेव्हाही हे दाराशी उभे राहून खडे या खिशातून त्या खिशात टाकीत असतात.

हा उद्योग जगभर चालतो, आणि बऱ्याच ठिकाणी कुटुंबेच तो चालवितात. आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तो मध्य अमेरिकेतील बेलीझ या चिमुकल्या देशात जाऊन आला. तेथे माया लोकांची शहरे अशीच रानाने गिळलेली आहेत, फक्त आमच्या पळस-करंजाऐवजी तेथे बारमाही पर्जन्यवन. आक्तून तुनिचिल मुकनाल नावाच्या एका गुहेत नदीतून पोहत शिरावे लागते. आत हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी आणि बळी दिलेल्या माणसांचे सांगाडे जमिनीवर जसेच्या तसे आहेत. बूट काढून मोज्यांवर चालायचे, आणि परवाना असलेल्या वाटाड्याशिवाय कोणासही प्रवेश नाही. 2012 साली एका प्रवाशाच्या हातून कॅमेरा निसटून एका कवटीवर पडला आणि तिला भोक पडले, तेव्हापासून कॅमेरे बंद. विद्यार्थी म्हणाला, “सर, आमचा वाटाड्या त्या कवटीपाशी काही बोललाच नाही. फक्त प्रत्येकाच्या पायाकडे पाहत उभा राहिला.” आम्ही त्याला आमच्या राठवा गृहस्थांची गोष्ट सांगितली. सांगाडे आणि घुमट आपल्याकडेही जपायचे आहेतच. पंचमहालात तरसंगला आपल्या विद्यापीठाच्या व्ही. एच. सोनवणे यांना 1971 साली शिलाश्रयांत प्राचीन चित्रे सापडली. तेथे नुसता हात फिरविला तरी रंग जाईल.

येथपर्यंत हे आमच्या घरचे होते. पण आम्ही शाळेचेही आहोत.

18 जानेवारी 2024 या दिवशी आमच्या शहरात हरणीच्या तलावावर सहलीस आलेल्या एका शाळेची नाव उलटली. क्षमतेहून अधिक मुले तीत बसविली होती. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका बुडून मरण पावल्या. बडोद्यातील कोणत्याही शिक्षकाला ती संध्याकाळ विसरता येणार नाही. आम्ही त्या रात्री शाळेचे हजेरीपट घरी आणले नव्हते, तरी एकेका वर्गाची नावे मनात म्हणत पडलो होतो. पुढे परवानगीचे कागद वाढले, आणि बऱ्याच शाळांनी सहल हा शब्दच टाकून दिला. आम्हीही टाकला. मुख्याध्यापकाची सही ज्या कागदावर नाही त्यातून मुख्याध्यापकास धोका नाही, हे साधे गणित.

दीड वर्षाने सातवीच्या मुलींनी आमच्या खोलीत येऊन विचारले, “सर, पुस्तकात चांपानेर आहे, आपण जाणार की नाही?” यांतील बहुतेक मुलींचे आईबाप मजुरी करतात. शाळेने नेले नाही तर त्या पन्नास किलोमीटरांवरील जागतिक वारसा त्यांना कोणी दाखविणार नाही. आम्ही “पाहू” म्हटले. मुलींना ‘पाहू’चा अर्थ समजतो.

शिक्षकांनी सुचविले की सरांच्या पुतण्याचेच काम आहे, मग अडचण काय? अडचण तीच होती. सरकारी शाळेचे काम मुख्याध्यापकाच्या घरात गेले असे उद्या कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. शिवाय दुसरी एक गोष्ट होती, ती शाळेत कोणास ठाऊक नव्हती.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत आम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्या. नाते सांगितले. नंतर 2019 ची ती चाळीस मिनिटे, विहिरीचा काठ, खडे, सगळे सांगितले. समितीत बहुतेक पालकच असतात. कोणी रिक्षा चालविते, कोणी भाजी विकते. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलीच्या वडिलांनी गुजरातीत विचारले, “साहेब, आता मोजणार कोण?” आम्ही अंक, शेपूट आणि खिशातले खडे समजावले. “आणि आठ मुलांमागे एक मोठे माणूस,” आम्ही म्हटले. “आणि पाण्यात?” “पाण्याजवळ जाणारच नाही. वाव वरूनच पाहायची.” एवढे बोलून आम्ही बाहेर आलो. आमच्या नात्याचा प्रश्न असल्याने निर्णयाच्या वेळी आम्ही आत नसावे हे उचित होते. बाहेर व्हरांड्यात उभे राहून ‘नाही’ यावे असे आम्हांला वाटत होते की ‘हो’ यावे, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

‘हो’ आले. अटी समितीने घातल्या. गाडी दुसऱ्याची, खर्चाचा हिशेब समितीपुढे, पुतण्याने एक पैसा घ्यायचा नाही, आणि पालकांपैकी दोघे बरोबर येणार. घरी वहिनींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “पैसे नकोत, पण फुकटचे काम म्हणून हात सैल सोडायचा नाही, हे त्याला बजावा.” परवानगीचे कागद पुरे व्हायला पौष उजाडला.

चाळीस मुले होती, आठ-आठांचे पाच गट. जामी मशिदीत मुली छताकडे पाहत मागे मागे सरकत एकमेकींवर आपटल्या. वावेपाशी पुतण्याने दोरी धरून त्यांना काठापासून चार हात लांब उभे केले, त्यावर एक रुसली. केवडा मशिदीच्या चौथऱ्यावर पुतण्या हुमायूनपर्यंत आला आणि त्याने आमच्याकडे पाहिले. मुलींपैकी एक म्हणाली, “सर, तुम्ही सांगा ना!” आम्ही मागे, छत्रीच्या सावलीत, गवताकडे पाठ न करता उभे होतो. मान हलवून नाही म्हटले. त्याने आपल्या पद्धतीने सांगितले. एक्केचाळिसावर टाळ्या पडल्या नाहीत, कारण एका मुलीने मध्येच हात वर केला आणि विचारले, “आणि उतरताना कोणी मोजले?”

पुतण्या गडबडला. अबुल फजलने त्याबद्दल काही लिहिले असल्याचे आम्हांलाही आठवेना.

संध्याकाळी गाडीत अंक सुरू झाले. तेहतीस झोपली होती, तिला शेजारणीने हलविले. एकोणचाळीस, चाळीस. नंतर मोठी माणसे. वहिनी, सूनबाई, दोन शिक्षिका, दोन पालक, पुतण्या. सर्वांत शेवटी, दार लावून घेत, आम्ही आमचा अंक म्हटला.